वरचा साइडबँड, खालचा साइडबँड : एका रिवाजाची उलटतपासणी

प्रस्तावना

हौशी रेडिओत एक शिस्त अशी आहे, की ती झाडून सगळे पाळतात आणि का पाळता असे विचारले की बहुतेक जण मागच्याची री ओढतात. दहा मेगाहर्ट्झच्या खाली आवाजात बोलायचे तर लोअर साइडबँड, वर बोलायचे तर अप्पर साइडबँड. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटरच्या बँडवर, पुणे, हैदराबाद, नागपूरची मंडळी एकमेकांना हाका मारतात तेव्हा सगळ्यांच्या सेटवर ‘एलएसबी’ असते. तीच मंडळी दुपारी १४ मेगाहर्ट्झवर परदेशातली स्टेशने शोधायला निघाली, की न सांगता, न ठरवता ‘यूएसबी’वर जातात. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेच्या, आयएआरयूच्या, बँड-आराखड्यात ही शिफारस छापलेली आहे. पण शिफारस छापली जाण्याच्या कितीतरी आधीपासून लोक तसेच वागत होते. म्हणजे छापील नियम मागाहून आला, रिवाज आधीचा.

परवान्याच्या परीक्षेला बसणारी मुले हा प्रश्न हटकून विचारतात, आणि त्यांना मिळणारे उत्तरही ठरलेले असते. जुन्या काळी ९ मेगाहर्ट्झवर साइडबँड तयार करत, ५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर त्यात मिसळत. बेरीज घेतली की १४, वजाबाकी घेतली की ४. वजाबाकीत साइडबँड उलटतो. म्हणून २० मीटरवर अप्पर आणि ८० मीटरवर लोअर. उत्तर सुटसुटीत आहे, सांगायला चटकदार आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कागदावर आकडे मांडले की मात्र ते कोसळते. ही पुस्तिका त्या आकडेमोडीसाठी, आणि आकडेमोड संपल्यावर जे उरते ते नीट समजून घेण्यासाठी लिहिली आहे.

नमनाला घडाभर तेल नको, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. साइडबँड म्हणजे काय?

समजा ७१०० किलोहर्ट्झची एक स्थिर लहर आपण अँटेनात सोडली. तिला कॅरिअर म्हणतात. नुसत्या कॅरिअरमध्ये निरोप काहीच नसतो. आता माइकसमोर १ किलोहर्ट्झची शीळ वाजवली आणि त्या शिळेप्रमाणे कॅरिअरची ताकद कमीजास्त केली, तर हवेत तीन लहरी जातात. मूळची ७१००, तिच्यावर ७१०१ आणि तिच्याखाली ७०९९. वरची ती अप्पर साइडबँड, खालची ती लोअर. शिळेऐवजी माणूस बोलू लागला, की एका लहरीच्या जागी अख्खा पट्टा तयार होतो. आवाजातला खर्ज कॅरिअरच्या जवळ बसतो, तार सप्तक दूर जाते. खालच्या पट्ट्यात हाच क्रम आरशातल्यासारखा उलटा असतो. ३०० हर्ट्झचा स्वर ७०९९.७ वर आणि २५०० हर्ट्झचा त्याहून खाली, ७०९७.५ वर.

आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर कार्यक्रम ऐकतो तेव्हा हे तिन्ही भाग आपल्यापर्यंत येतात. त्याला एएम म्हणतात. त्याचा हिशेब मोठा खर्चिक आहे. कॅरिअर १०० वॅटचा असेल आणि आवाज पूर्ण ताकदीने भरला असेल, तर दोन्ही पट्ट्यांत मिळून आणखी ५० वॅट जातात, एकेकात २५. दीडशेपैकी शंभर वॅट निरोप न वाहणाऱ्या कॅरिअरवर गेले. उरलेल्या पन्नासातले पंचवीस त्याच मजकुराच्या दुसऱ्या प्रतीवर गेले. शिवाय तीन किलोहर्ट्झच्या आवाजाला सहा किलोहर्ट्झ जागा लागली. भारतात ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे अवघा दोनशे किलोहर्ट्झ रुंद. त्यातच मोर्स आणि संगणकी संदेश. तिथे ही उधळपट्टी परवडत नाही. त्यात दोन एएम स्टेशने जवळजवळ आली की त्यांच्या कॅरिअरमधून अखंड शिट्टी निघते आणि दोघांचेही बोलणे बुडते.

कॅरिअर दाबून टाकला आणि एकच पट्टा ठेवला, की उरतो तो सिंगल साइडबँड, एसएसबी. सगळी ताकद निरोपात जाते आणि जागा निम्मी लागते. अडचण एकच. ऐकणाऱ्याने कॅरिअर आपल्या सेटमध्ये नव्याने निर्माण करावा लागतो, आणि तो पट्ट्याच्या योग्य बाजूला ठेवावा लागतो. बाजू चुकली तर काय होते ते एकदा मुद्दाम ऐकून बघावे. बोलणारा ७१०० वर लोअरमध्ये आहे. आपण सेट अप्परवर टाकला आणि डायल ७०९७ वर आणला. त्याचा ३०० हर्ट्झचा खर्ज आपल्याला २७०० हर्ट्झच्या किंकाळीसारखा येतो, आणि २५०० हर्ट्झचा तीक्ष्ण ‘स’ ५०० हर्ट्झवर घुमतो. लय माणसाच्या बोलण्याची राहते, शब्द एकही कळत नाही. म्हणून दोघांची बाजू एकच असणे ही एसएसबीतली पहिली अट आहे. कुठली बाजू, याला पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने काडीचे महत्त्व नाही. आयनांबराला वरचा पट्टा आणि खालचा पट्टा सारखेच. जालन्याहून पुण्याला जाणारी लहर दोन्हीकडून सारखीच वाकते.

आता इतिहास. कॅरिअर दाबून एकच पट्टा पाठवण्याची कल्पना अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीतल्या जॉन कार्सन यांची. त्यांनी १ डिसेंबर १९१५ रोजी पेटंटसाठी अर्ज केला, पेटंट हाती पडायला १९२३ उजाडले. पहिला मोठा उपयोग झाला तो अटलांटिक महासागरापलीकडे फोन लावण्यासाठी. ७ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क-लंडन रेडिओ-टेलिफोन सेवा सुरू झाली, ती ६० किलोहर्ट्झच्या आसपास. इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर प्रचंड अँटेनासुद्धा अगदी अरुंद पट्टाच नीट बाहेर टाकते. दोन्ही साइडबँड तिच्यात मावणारच नव्हते. तिथे एसएसबी ही गरज होती.

त्याच वर्षी महाराष्ट्रात मोठी घटना घडली. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंग्लंड-भारत बीम रेडिओ-तारसेवेचे उद्घाटन झाले. प्रक्षेपण खडकीहून, ग्रहण दौंडला. ही सेवा तारसंदेशांची होती. इंग्लंडशी रेडिओवरून फोन जोडला गेला तो १९३३ साली. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभे राहीपर्यंत परदेशी फोनची मदार शॉर्टवेव्हवरच होती. तेव्हा लंडनचा ट्रंक कॉल म्हणजे आवाज येतो-जातो, मध्येच विरतो, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

हौशी लोकांपर्यंत एसएसबी पोहोचायला वेळ लागला. १९३३-३४च्या सुमारास अमेरिकेत काही हौशींनी प्रयोग केले, लेखही लिहिले. पण खर्च आणि खटाटोप पाहून बाकीचे त्या वाटेला गेले नाहीत. खरी सुरुवात युद्धानंतर झाली. १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हौशी स्टेशनावर, डब्ल्यू६वायएक्सवर, ऑस्वाल्ड व्हिलार्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ७५ मीटरवर, म्हणजे ८० मीटर बँडच्या वरच्या, आवाजी भागात, एसएसबीत बोलायला सुरुवात केली. जानेवारी १९४८च्या ‘क्यूएसटी’ मासिकाने या विषयावर लेख छापले आणि चर्चेला तोंड फुटले. त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकमधल्या डोनाल्ड नॉरगार्ड यांनी महागड्या फिल्टरशिवाय, लहरींच्या कलांतराचा उपयोग करून नको तो साइडबँड खोडून काढण्याची पद्धत हौशींच्या आवाक्यात आणली. १९५०च्या सुमारास त्यांचा ‘एसएसबी ज्युनियर’ हा छोटेखानी प्रक्षेपक घरोघर बांधला जाऊ लागला. १९५२च्या आसपास शिकागोच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने ‘१०ए’ नावाचा तयार एक्सायटर, म्हणजे प्रक्षेपकाचा पहिला टप्पा, विकायला काढला. तो साइडबँड तयार करी ९ मेगाहर्ट्झवर. त्याच्या जोडीला लष्कराच्या भंगारातून स्वस्तात मिळणारा बीसी-४५८ हा विमानी प्रक्षेपक थोडाफार बदलून ५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर म्हणून वापरत.

म्हणजे दंतकथेतले ९ आणि ५ हे आकडे खरे आहेत. तशी यंत्रे होती आणि ती शेकडो घरांत होती. दंतकथा घसरते ती पुढच्या पायरीवर. इथे वाचकाने पेन्सिल हातात घ्यावी.

पहिली मांडणी. साइडबँड ९००० किलोहर्ट्झवर तयार केला, अप्पर घेतला. आवाजातले दोन स्वर धरू, ३०० आणि २५०० हर्ट्झ. ते ९०००.३ आणि ९००२.५ वर बसले. ऑसिलेटर ५२०० वर आहे. बेरीज केली तर १४२००.३ आणि १४२०२.५. खर्ज खाली, तार वर, म्हणजे अप्पर. आता वजाबाकी करू. ९०००.३ मधून ५२०० गेले, उरले ३८००.३. ९००२.५ मधून ५२०० गेले, उरले ३८०२.५. खर्ज अजून खालीच आहे, तार वरच आहे. साइडबँड उलटला नाही. २० मीटरवरही अप्पर, ८० मीटरवरही अप्पर.

दुसरी मांडणी. आकडे तेच, जागा बदलू. साइडबँड ५२०० वर तयार केला, ऑसिलेटर ९००० वर ठेवला. स्वर ५२००.३ आणि ५२०२.५ वर. बेरीज पुन्हा १४२००.३ आणि १४२०२.५, अप्पर. वजाबाकी मात्र आता ९००० मधून करायची. ९००० वजा ५२००.३ म्हणजे ३७९९.७. ९००० वजा ५२०२.५ म्हणजे ३७९७.५. तार खाली गेली, खर्ज वर आला. हा उलटला. लोअर झाला.

नियम दोन ओळींत मावतो. आवाज ज्या सिग्नलमध्ये आहे तो वजा होत असेल तर बाजू उलटते. त्याच्यातून दुसरे काही वजा होत असेल तर बाजू तशीच राहते. ‘वजाबाकीत साइडबँड उलटतो’ हे वाक्य अर्धे आहे, आणि अर्धे वाक्य पाठ करून आपण सत्तर वर्षे पूर्ण समजूत बाळगली. ९ मेगाहर्ट्झवर साइडबँड आणि ५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर या जोडीतून आपोआप अप्पर-लोअर विभागणी निघत नाही. ती निघायला साइडबँड ५ वर आणि ऑसिलेटर ९ वर हवा. आणि ‘१०ए’वर तर साइडबँड बदलायचे बटणच होते. ते यंत्र वापरणाऱ्याला हवी ती बाजू मिळत होती. मग त्याने ७५ मीटरवर लोअरच का निवडली, याचे उत्तर यंत्राच्या पोटात सापडत नाही.

काही जण दुसरे कारण देतात. अमेरिकेत ७५ मीटरचा आवाजी भाग ४००० किलोहर्ट्झपर्यंत होता. अगदी वरच्या हद्दीवर जायचे तर लोअर सोयीचा, कारण सगळा आवाज हद्दीच्या आत राहतो. २० मीटरवर आवाजाचा भाग १४२०० पासून सुरू होई. अगदी खालच्या हद्दीला टेकून बोलायचे तर अप्पर सोयीचा. तर्क बरा आहे, पण तो दोन्ही बाजूंनी चालतो. प्रत्येक बँडला वरची हद्द असते तशी खालचीही असते, आणि सगळे हौशी एकाच टोकाला जाऊन बसत नाहीत. त्याला साहाय्यक कारण म्हणता येईल, मूळ कारण म्हणता येणार नाही.

माझे मत असे की मूळ कारण तांत्रिक कमी आणि सामाजिक जास्त आहे. १९५०च्या आसपास एसएसबीवाले मूठभर होते. ते दोन ठिकाणी भेटत, ७५ मीटर आणि २० मीटर. अमेरिकेत ४० मीटरवर आवाजाला परवानगीच १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाली. या दोन अड्ड्यांवर पहिल्या काही जणांनी, कुणी यंत्राच्या मांडणीमुळे, कुणी सवयीने, एकेक बाजू धरली. नंतर येणाऱ्याला पर्यायच नव्हता. एएममध्ये कुठल्याही सेटवर ऐकू येते, तिथे स्वतःची वेगळी तऱ्हा चालवता येते. एसएसबीत बाजू जुळली नाही तर तुमचे बोलणे कुणाला कळतच नाही. त्यामुळे हा रिवाज पाळायला पोलीस लागत नाहीत. तो मोडणाऱ्याला शिक्षा आपोआप होते, त्याच्याशी कुणी बोलत नाही. १९५५ नंतर कॉलिन्ससारख्या कंपन्यांचे सेट आले, त्यांत दोन्ही बाजू एका बटणावर मिळू लागल्या. तांत्रिक गरज असलीच तर तेव्हा संपली. रिवाज मात्र पक्का होऊन बसला होता.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. जुन्या जालन्याच्या पेठेत निजामाचा हाली शिक्का चाले, आणि रेल्वेने मनमाडकडे गेलेल्या माणसाला कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपया, लागे. सात हालीला सहा कलदार हा भाव होता. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान संपले, तरी हाली लगेच संपला नाही. काही वर्षे तो व्यवहारात राहिला, अधिकृतपणे रद्द झाला १९५९ साली. कुठल्या नाण्यातली चांदी खरी, यापेक्षा समोरचा कुठले नाणे घेतो हे बाजारात महत्त्वाचे असते. साइडबँडचेही तेच आहे.

हा निसर्गनियम नाही याचा पुरावा आपल्याच दाराशी आहे. मुंबईचे व्होल्मेट केंद्र विमानांसाठी हवामानाची माहिती शॉर्टवेव्हवर वाचून दाखवते. त्याची एक फ्रिक्वेन्सी ६६७६ किलोहर्ट्झ. दहा मेगाहर्ट्झच्या कितीतरी खाली, आणि तरीही अप्पर साइडबँड. डायल जेमतेम चारशे किलोहर्ट्झ वर सरकवला की ७०९० वर हौशी लोक लोअरमध्ये गप्पा मारताना सापडतात. आकाश तेच, वेळ तीच, अंतर तेच, बाजू निराळी. विमानवाहतूक आणि जहाजवाहतूक यांनी सगळीकडे अप्पर स्वीकारला. दहा मेगाहर्ट्झची पाचर फक्त हौशींनी मारून घेतली आहे.

ती पाचरही हौशी स्वतः सरसकट पाळत नाहीत. २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ ही संगणकी पद्धत आणली. टेलर हे नोबेल पारितोषिक मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ. एफटी८ सगळ्या बँडवर अप्परमध्ये चालते, ४० मीटरवर ७०७४ लासुद्धा. म्हणजे एकच माणूस सायंकाळी ७०७४ वर अप्पर आणि पंधरा-वीस किलोहर्ट्झ वर सरकून आवाजात लोअर वापरतो. त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. जिथे संगणक संगणकाशी बोलतो तिथे नव्याने ठरवता आले, म्हणून सगळीकडे एकच बाजू ठेवली. माणसांच्या गप्पांत जुनी सवय मोडायची कुणाला गरज वाटली नाही. ३० मीटरचा बँड, १०.१ ते १०.१५ मेगाहर्ट्झ, हा तर बरोबर सीमेवर बसलेला. तो १९७९च्या जागतिक परिषदेत हौशींना मिळाला आणि तिथे प्रघात मोर्स आणि संगणकी संदेशांचाच आहे. त्यामुळे सीमेवर भांडण व्हायची वेळ आली नाही.

वजाबाकीने बाजू उलटते याचे भारतातले सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे हॅमसॅट. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ने कार्टोसॅट-१ बरोबर हा हौशी लोकांचा छोटा उपग्रह सोडला. त्याला व्हीओ-५२ असेही नाव मिळाले. त्यातला ट्रान्सपाँडर उलटवणारा होता. जमिनीवरून ४३५ मेगाहर्ट्झवर लोअरमध्ये बोलायचे, उपग्रह ते १४५ मेगाहर्ट्झवर अप्परमध्ये परत पाठवणार. आकडे मांडून बघा. वर जाणारी आणि खाली येणारी फ्रिक्वेन्सी यांची बेरीज सुमारे ५८१.१५ मेगाहर्ट्झ, कायम. ४३५२५० किलोहर्ट्झला लोअरमध्ये बोललेला ३०० हर्ट्झचा स्वर ४३५२४९.७ वर जातो. ५८११५० मधून तो वजा केला की १४५९००.३ येतात, कॅरिअरच्या वर. आवाज असलेला सिग्नल वजा झाला, बाजू उलटली. ही योजना मुद्दाम केलेली असते, कारण उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत होणारी सरकासरक वर जाताना आणि खाली येताना काही अंशी परस्पर रद्द होते. हॅमसॅट २०१४ पर्यंत चालला. आपल्या जालन्यातच केंद्र सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचे उपग्रह-संदेशांवर देखरेख ठेवणारे भूकेंद्र आहे. ज्या गावाच्या अंगणात अशी यंत्रणा आहे, त्या गावातल्या मुलांना हे गणित परके वाटायचे कारण नाही.

यंत्र बांधण्याच्या बाबतीत भारताने जगाला दिलेली देणगी म्हणजे बीआयटीएक्स. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ साली २० मीटरसाठी हा एसएसबी सेट रचला आणि आराखडा सगळ्यांना खुला ठेवला. परदेशी टोरॉइड मिळत नाहीत, तर नळाच्या वायसरवर तार गुंडाळा. खास ट्रान्सफॉर्मर नाही, तर टीव्हीच्या अँटेनाचा बलून कोअर वापरा. भारतातल्या बाजारात जे मिळते त्यातच काम भागले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यामुळे तो सेट ब्राझीलपासून इंडोनेशियापर्यंत बांधण्याजोगा झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून क्रिस्टलांची पुडी आणून, एकेक मोजून जुळवून फिल्टर बांधणे हा तर एका पिढीचा संस्कार होऊन गेला. पुढे आलेल्या बीआयटीएक्स४० मध्ये फिल्टर १२ मेगाहर्ट्झचा आणि ऑसिलेटर ५ मेगाहर्ट्झच्या जरा खाली. १२ मधून ऑसिलेटर वजा होतो, उत्तर ७. आवाज वजा होत नाही, म्हणून बाजू उलटत नाही. ७ मेगाहर्ट्झवर लोअर हवा, तर १२ वरच लोअर तयार करावा लागतो. त्याऐवजी ऑसिलेटर १९ मेगाहर्ट्झवर नेला, तर १९ मधून १२ वजा होतील, आवाज उलटेल आणि तोच लोअर अप्पर होऊन बाहेर पडेल. वाचकाने हे दोन्ही हिशेब करून पाहावेत. पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात ते पायरीपायरीने दिले आहेत.

७ मेगाहर्ट्झबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४२च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबर १९४२ला पोलिसांनी धाड घालेपर्यंत तो बोलत होता. त्याची लहर ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला त्याने भागले की ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. आज जिथे हौशी मंडळी लोअर साइडबँडवर हवापाण्याच्या गप्पा मारतात, नेमकी तीच जागा. तेव्हाचे प्रक्षेपण साध्या एएमचे होते, कारण ते घराघरातल्या साध्या सेटवर ऐकू यायला हवे होते. एसएसबी असता तर पकडला जाण्याचा धोका कमी झाला नसता आणि ऐकणारे मात्र उरले नसते. कुठली पद्धत चांगली, हे ऐकणारा कोण यावर ठरते, हा धडा या एका उदाहरणात पुरता सापडतो.

आणि ऐकणारा महत्त्वाचा का, हे मराठवाड्याने फार जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या दिवसांत हौशी रेडिओचालकांनी संदेश पोहोचवायला हातभार लावला. डिसेंबर २००४च्या त्सुनामीच्या वेळी हौशी रेडिओचालक भारती प्रसाद अंदमानात होत्या आणि त्यांच्या स्टेशनामुळे बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क राहिला. अशा वेळी कुणालाही ‘तुम्ही कुठल्या बाजूवर आहात?’ असे विचारत बसायला सवड नसते. फ्रिक्वेन्सी कळली की बाजू आपोआप कळली पाहिजे. रिवाजाचे खरे मोल इथे आहे. तो कसा सुरू झाला हे कितीही गमतीचे असले, तरी तो सगळ्यांना माहीत आहे, आणि संकटात तेवढे पुरते.

म्हणून ही पुस्तिका रिवाज मोडायला सांगत नाही. ४० मीटरवर अप्परमध्ये हाक मारून आपले वेगळेपण दाखवू नये, कुणी उत्तर देणार नाही. सांगायचे ते एवढेच, की पाळताना तो रिवाज आहे हे ओळखून पाळावा. आपल्याकडे ‘बाबा वाक्यं प्रमाणम्‌’ची सवय फार. तांत्रिक विषयात ती जास्त घातक, कारण तिथे खोटे कारणही आकड्यांचे कपडे घालून येते, आणि आकडे दिसले की आपण तपासायचे थांबतो. ९ आणि ५ची गोष्ट अशीच टिकली. ती तपासायला चौथीतली वजाबाकी पुरेशी होती.

मांडणीविषयी थोडे. पहिल्या भागात एएम, कॅरिअर आणि साइडबँड यांची ओळख आहे. ज्याला शाळेतले विज्ञान आठवते त्याला तो अडू नये. दुसरा भाग मिक्सरच्या, म्हणजे दोन सिग्नल मिसळणाऱ्या भागाच्या, बेरजा-वजाबाक्यांचा. तिथे घाई करू नये. तिसऱ्या भागात एसएसबी तयार करण्याच्या दोन पद्धती, फिल्टरची आणि कलांतराची, आणि ४० मीटरसाठी सुमारे ६६ फूट तारेची साधी डायपोल अँटेना. जुन्या वाड्याच्या गच्चीवर एवढी तार सरळ ताणता येत नसेल तर दोन्ही टोके खाली उतरवली तरी काम भागते. चौथ्या भागात हवेतले शिष्टाचार आहेत. परिभाषा मुद्दाम हौशी मंडळी बोलतात तीच ठेवली आहे. फिल्टरला फिल्टर आणि मिक्सरला मिक्सर म्हटले आहे, कारण दुकानात जाऊन वस्तू मागायची आहे.

वाचकाला शेवटची विनंती. पुस्तिका वाचून झाल्यावर तिच्यातला एकही हिशेब माझ्या शब्दावर मान्य करू नका. दुसऱ्या भागातली उदाहरणे स्वतः सोडवा, आपल्या सेटच्या सर्किटमधला फिल्टर किती मेगाहर्ट्झचा आणि ऑसिलेटर किती मेगाहर्ट्झचा ते शोधा, आणि त्यात बाजू उलटते की नाही हे स्वतः ठरवा. उत्तर माझ्याशी जुळले नाही तर आधी तुमचे तपासा, मग माझे. परवाना हाती आला की ७ मेगाहर्ट्झवर लोअरमध्ये या. नवीन मुलाने ‘लोअरच का?’ असे विचारले तर त्याला दंतकथा ऐकवू नका, त्याच्या हातात पेन्सिल द्या.

जुना जालना